तीन सलाईन पुढची बाई

आज गुरुवार, म्हणून ज्योतिबानगरची गल्ली गप्प आहे. एरवी तळवड्याच्या या भागात उभं राहिलं की प्रेस मशीनचा ठोका टाचेतून वर चढतो. आज लहान वर्कशॉपांची आठवड्याची सुट्टी. शटरं खाली, बाहेर दोरीवर धुतलेले निळे शर्ट. एका शेडच्या दारात दोन पोरं लेथखालचा लोखंडी कीस घमेल्यात भरतायत. त्याला कुलंटचा आंबट, तेलकट वास आहे. मागे देहू-आळंदी रस्त्यावरून टाळ ऐकू येतात. तुकाराम बीज तीन दिवसांवर आलीय, आणि आळंदीच्या बाजूने देहूला निघालेल्या लहान लहान दिंड्या सकाळपासून तळवड्यातून जातायत.

आक्का माझ्या दोन पावलं पुढे चालते. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीत बायॉप्सीच्या रिपोर्टची फाईल, आणि फाईल दिसू नये म्हणून वर कोथिंबिरीची जुडी.

आक्का माझी थोरली बहीण. वय ४४. एका कंपनीत ठेकेदाराच्या नावावर तपासणीला आहे. बुशच्या भोकात गेज घालून बघायचा. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दिवसभर शेकड्यांनी बुश तिच्या बोटांखालून जातात. त्याच बोटांना गेल्या दिवाळीत अंघोळ करताना उजव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून संक्रांत उलटेपर्यंत तिने कुणाला सांगितलं नाही. आता येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे. दाजींना आणि मला, एवढ्या दोघांनाच माहीत आहे. मुलाचे बारावीचे दोन पेपर राहिलेत. गावी, बार्शीकडे, आईच्या कानावर काहीही घातलेलं नाही.

आणि आक्का बोलत नाही. रिपोर्ट येऊन चौदा दिवस झाले. ती स्वयंपाक करते, डबे भरते, ड्यूटीला जाते, आणि बोलत नाही. बोलते मी. ‘सगळं नीट होईल’ असं म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर एक दार लागतं. ते मला दिसतं, तरी दुसरं काही सुचत नाही म्हणून मी तेच पुन्हा म्हणते.

गल्लीच्या टोकाला दुमजली घर. खाली पावडर कोटिंगची शेड, वर पत्र्याची लांबट खोली. जिन्यात चपलांची दाटी. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की इथे भिशी चालते, आणि ते खोटं नाही. महिन्याला दोनशे रुपये, चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा, लाल वही, सगळं रीतसर आहे. या भिशीत यायला काय लागतं ते मात्र गल्लीला ठाऊक नाही.

आत अकरा बायका. फाल्गुनातलं ऊन पत्र्यावर तापलंय, दोन पंखे गरगरतायत. सतरंजीवर कुणी पाय पसरून बसलीय, कुणी भिंतीला टेकून. एकीच्या मांडीवर वाटाणे सोलायचं ताट. एक शिवणयंत्रावर वाकलेली. दाराशेजारच्या पिवळ्या भिंतीवर पेन्सिलच्या आडव्या रेघा दिसतात, खालीवर, पुष्कळ. प्रत्येकीपुढे एक आकडा आणि तारीख. मुलांची उंची मोजायला करतात तशा. पण या घरात लहान मूल दिसत नाही.

“कुठं?” घरच्या काकू आक्काला विचारतात. साठीच्या, साताऱ्याकडच्या, सुती लुगड्यासारखी करकरीत बाई.

आक्का नुसती बघते.

“कुठं आहे गं?” काकू स्वतःच्या डाव्या बाजूवर तळवा ठेवतात. तिथे ब्लाउजखाली सपाट आहे, आणि ते लपवायचा त्यांचा काही प्रयत्न नाही.

“उजवीकडं.”

“कितवं?”

“एक बी नाही अजून. मंगळवारी ऑपरेशन हाय.”

नावं इथे नंतर विचारतात. आधी कुठं, मग कितवं. आजूबाजूच्या बायका आपापलं सांगतात. गर्भाशयाची पिशवी, लाईट पंचवीस झाल्या. आतडं, बारा सलाईन संपले. छाती, नववं चालू. लाईट म्हणजे रेडिएशन, सलाईन म्हणजे केमो. रेशनच्या दुकानात कुणाचा नंबर कितवा हे सांगावं, तितक्या सरळ आवाजात. गेले चौदा दिवस आमच्या घरात ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. आम्ही ‘ते’ म्हणतो, ‘तुझं ते’. इथे तो शब्द वाटाण्याच्या टरफलांबरोबर ताटात पडतोय.

“मग तुझ्याशी ही बोलेल,” काकू कोपऱ्यातल्या एका तरुण बाईकडे बोट करतात. “तीन सलाईन पुढं आहे तुझ्या.”

मला ते पटत नाही. काकूंना ऑपरेशन होऊन सहा वर्षं झालीत. सहा वर्षं! मला आक्कासाठी तीच बाई हवी आहे, जिच्याकडे नुसतं बघितलं तरी धीर येईल. मी तसं म्हणूनही दाखवते. काकू चहाचं आधण ठेवता ठेवता मागे वळतात.

“माझं ऐकून काय करेल ती? उलटीची चव कशी असते ते मला आता आठवत नाही. मी सांगायला लागले की त्याची गोष्ट होते. ही सांगेल ते परवाचं आहे.”

ही पद्धत त्या मुंबईहून घेऊन आल्या. त्यांचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलात झाले. १९४१ पासून देशभरातून माणसं आपापल्या गाठी घेऊन तिथे येतात, आणि मुंबईत ज्यांचं कुणी नसतं त्यांच्यातली कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. काकू तिथे होत्या. रात्री झोप लागत नसे तेव्हा जिन्यात बसायच्या. त्या जिन्यात कोण कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या जातीचा, याची कुणाला पडलेली नव्हती. शेजारी बसलेल्याचं दुखणं आपल्यापेक्षा किती दिवस पुढे आहे, एवढंच बघायचं. “उद्या मला काय होणार ते त्या बाईच्या तोंडावर वाचायचे मी,” काकू म्हणतात, आणि आलं ठेचायला घेतात.

कोपऱ्यातली बाई आक्काशेजारी येऊन बसते. जळगावकडची, पस्तिशीची. प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत पॅकिंगला होती, सध्या घरी. डोक्याला हिरवा स्कार्फ घट्ट बांधलाय. भुवया जवळजवळ नाहीत, त्यामुळे ती सतत नुकतीच दचकल्यासारखी दिसते. पण आवाज मोकळा आहे.

ती आक्काला धीर देत नाही. तिच्या अंगावर काय काय झालं, ते सांगत जाते.

ऑपरेशननंतर काखेतून एक नळी बाहेर येते, तिला बाटली असते. बाटलीत लालसर पाणी साठतं. रोज सकाळी ते मोजून वहीत लिहायचं, आणि ते कमी कमी होत गेलं की डॉक्टर नळी काढतात. ती बाटली घेऊन संडासला जायचं, झोपायचं, पाहुण्यांसमोर बसायचं. “हातात धरून धरून वैताग येतो. ताईंकडून थैली शिवून घे, गळ्यात अडकवायची.” शिवणयंत्रावरची बाई मान न उचलता हात वर करते. ताई त्याच.

मग सलाईन. पहिल्यांदा लाल औषध. त्यानंतर लघवी लाल झाली आणि हिला वाटलं रक्तच जातंय. रात्री दोनला नवऱ्याला उठवून दोघंही रडत बसले. “नर्सनं सांगितलं असेल गं. पण त्या दिवशी कानात काही शिरत नाही.”

केस सतराव्या दिवशी गेले. “केस जातात हे सगळ्यांनी सांगितलं होतं. जायच्या आधी मुळं दुखतात, हे कुणीच नव्हतं सांगितलं. उशीला डोकं टेकवत नव्हतं मला.”

तोंडाला लोखंडाची चव येते. मग ती स्टीलचा चमचा सोडून लाकडी चमच्याने खायला लागली, तेव्हा कुठे वरणभात पोटात गेला. पर्समधून ती एक थर्मामीटर काढते. आठव्या-दहाव्या दिवशी अंगातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही, रात्री बाराला असली तरी रिक्षा करून हॉस्पिटल गाठायचं. हे सांगताना ती पहिल्यांदा आक्काचं मनगट धरते. “ह्याच्यात अंगावर काढायचं नाही, ऐकलं का?”

आक्का मान हलवते. मी तिच्याकडे बघत राहते. ऐकताना तिचा खालचा ओठ थोडा पुढे आलाय. नवीन सुपरवायझर काम समजावतो तेव्हा ती असंच ऐकत असणार. चौदा दिवसांत तिला कुणीतरी पहिल्यांदा काम समजावून सांगतंय.

भिंतीवर जुन्या कॅलेंडरची पाठ करून स्केचपेनने तीन ओळी लिहिल्यात. ‘आपल्या अंगावर झालेलं सांगा. दुसरीच्या अंगावर काय होईल ते सांगू नका. औषध डॉक्टर सांगतील.’ हा नियम फुकट आलेला नाही. मागे एकदा कुणीतरी गावाकडच्या काढ्याची बाटली घेऊन आलं, आणि त्या भरवशावर एका बाईने दोन सलाईन चुकवले. ती बाई पुढे परत उपचाराला लागली, पण त्या दिवसापासून कॅलेंडर भिंतीवर आहे. जिथे चार दुखणेकरी एकत्र बसतात तिथे भीती आणि अफवा एकमेकींचा हात धरून येतात. मला वाटतं, ही खोली टिकलीय ती या तीन ओळींमुळे.

त्याच दुखण्यातून गेलेल्या माणसाचंच ऐकलं जातं, ही गोष्ट पुण्याच्या परिसरातल्या कित्येक घरांना दारूच्या वाटेने कळली. आमच्या शेजारचे दादा येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून परत आले, तेव्हा त्यांनी सांगितलेलं मला आठवतं: डॉक्टरांचं पटत होतं, पण आपल्यासारखाच गटारात पडलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला, तेव्हा विश्वास बसला. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभं केलं. सुनंदाताईंना पुढे स्तनाचाच कॅन्सर झाला, आणि १९९७ साली त्या गेल्या. इथल्या बायकांपैकी कुणाला हे नाव माहीत असेलसं वाटत नाही. पण जाऊन आलेल्या माणसाने जाणाऱ्याचा हात धरायचा, हे त्याच जातीचं काम इथे वाटाणे सोलत चाललंय.

शिवणयंत्र थांबतं. लातूरच्या ताई दोरा दाताने तोडतात आणि मांडीवरची वस्तू उलटीची सुलटी करतात. मऊ सुती कापडाची, गोलसर, एका बाजूला निमुळती उशी. आत कापूस, आणि कापसाच्या पोटात मोहरीची पुरचुंडी. आधी बाजरी भरायच्या, पण बाजरीला किडे लागले. शेजारी किराणा दुकानातला छोटा वजनकाटा आहे. उशी काट्यावर ठेवतात. २८० ग्रॅम. ताई समोरच्या पोक्त बाईकडे नजर टाकून मनाशी हिशेब करतात, मुठीतून चार चमचे मोहरी आत सोडतात. ३१०.

“वजन कशाला?” मी विचारते.

“एका बाजूचं वजन गेलं की खांदा वर चढतो बघा. मान आखडते, पाठ धरते. बघणाऱ्याला काही बी वाटू द्या, आपला कणा सरळ ऱ्हायला पाहिजे.”

दुकानात सिलिकॉनची मिळते, हजारोंच्या घरात. ताईंची उशी शंभराच्या आत होते, खोळ काढून धुता येते. पोक्त बाई उशी घेऊन आतल्या खोलीत जाते. बाहेर येते तेव्हा पदर सावरायचा तिचा हात अर्ध्यावर थांबतो. सावरायची गरज उरलेली नाही. कुणी टाळ्या वाजवत नाही. “डावीकडं जरा खाली ओढ,” एवढंच एक जण म्हणते.

मला टेरेस लॅसर आठवतात. न्यूयॉर्कच्या या बाईचं १९५२ साली स्तनाचं ऑपरेशन झालं, आणि पुढे काय करायचं हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. मग तीच इतर बायकांच्या खाटांशी जाऊन बसायला लागली. पिशवीत रबरी चेंडू, दोरी, आणि छातीशी लावायची तात्पुरती उशी. चेंडू आणि दोरी हाताच्या व्यायामाला. सर्जन चिडायचे, त्यांना ही ढवळाढवळ वाटे. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचं हेच काम आपल्याकडे घेतलं. लातूरच्या ताईंनी हे नाव ऐकलेलं असायचं कारण नाही. मोहरीपर्यंत त्या आपल्या आपण पोचल्यात.

आक्का अचानक बोलते.

“एक इचारू का?”

खोली थांबत नाही, वाटाणे चालूच राहतात. कुणी मुद्दाम वळून बघत नाही. हे त्यांनी शिकून घेतलंय की त्यांच्या अंगातच आहे, मला सांगता येणार नाही.

“ऑपरेशनला नेताना… मंगळसूत्र काढायला लावत्यात का?”

मी गार पडते. चौदा दिवस मी हिला काय काय विचारलं. डॉक्टर बदलायचा का, मुंबईला जायचं का, पैशाचं टेन्शन आहे का, जगण्या-मरण्याची भीती वाटते का. हिच्या मनात हे होतं. आणि हे मला विचारता येत नव्हतं, कारण मी ‘असलं काही मनात आणू नकोस’ म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

“लावतात,” जळगावची म्हणते. “बांगड्या, जोडवी, सगळं. टिकली पण. मी रडले तिथंच. मग नर्सला, गळ्याला काळा दोरा ठेवायला देते का, विचारलं तर तेही नाही बोलली. तर यांनी काय केलं, मंगळसूत्र रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. मला आत नेलं तेव्हापासून बाहेर येईपर्यंत सारखा खिशावर हात. सासूबाई सांगत होत्या, चार तासांत पाणी प्यायलासुद्धा हात काढला नाही.”

“माझ्या ह्यांनी हरवलं,” वाटाण्यावाली म्हणते. “हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. दीड तोळ्याचं.”

“आणि?”

“आणि काय. नवीन केलं. सहा वर्षं झाली, आहेत दोघंही. मंगळसूत्र पण आणि ते पण.”

हसू फुटतं. आक्काच्या तोंडावर ते पोचायला वेळ लागतो, पण पोचतं. हसता हसता ती पदर डोळ्यांना लावते आणि तसाच ठेवते, बराच वेळ. जळगावची तिच्या पाठीवर हात ठेवत नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसून राहते.

काकू पिशवीकडे येतात, कोथिंबिरीची जुडी उचलतात. “आणलीस ते बरं केलंस, पोह्यांना नव्हतीच.” फाईल उघडी पडते. आक्का ती झाकत नाही, आणि तिचं तिकडे लक्षही नाही.

पोहे झाल्यावर गच्चीकडचं दार उघडतं आणि पुरुष मंडळी आत येतात. ते इतका वेळ बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते, कारण बायकांचं बोलणं बायकांचं. तिघंच आहेत. पुरुष कमी येतात, आले तर बहुतेक बायकोबरोबर येतात. माझ्या मते त्यांना या खोलीची गरज जास्त आहे.

एक काका, तोंडाचं ऑपरेशन झालेले, जबडा एका बाजूने आत गेलेला. तीस वर्षं फौंड्रीत काम आणि तीस वर्षं गालात तंबाखू. बोलतात ते बायकोलाच कळतं. खिशातून ते आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड काढतात, रबर लावलेली, आणि दातांच्या मध्ये सरकवतात. लाईट घेतल्यावर जबडा आवळत जातो, तो रोज असा उघडायचा. एक काडी वाढली म्हणजे घास तेवढा मोठा. डोळ्यांत पाणी येतं, पण ते काढत नाहीत. बायको मोजते. नऊ. “परवापर्यंत सात होत्या,” ती सगळ्यांना सांगते.

काड्या काढून काका वही ओढून घेतात आणि आक्कासाठी लिहितात. अक्षर चांगलं आहे. ‘ईएसआय आहे का?’ म्हणजे कामगार विमा. आहे. मग ते सविस्तर लिहितात. आजारपणाची रजा वर्षात ९१ दिवस, ७० टक्के पगार. त्यानंतर कॅन्सर हा त्यांच्या मोठ्या आजारांच्या यादीत येतो, तिथे ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. पण नोकरी सलग दोन वर्षं झालेली पाहिजे आणि वर्गणी भरलेली पाहिजे. ‘ठेकेदार बदलला?’

“तीनदा बदलला. नंबर त्योच हाय,” आक्का म्हणते. आणि तिचा तो लांबलचक नंबर घडाघडा म्हणून दाखवते. काका मान डोलावतात, वहीचं पान फाडून तिच्या हातात देतात. ठेकेदाराच्या माणसाने तिला ‘पगार बंद होणार, बघा’ असं सांगितलं होतं. ते ती मला आत्ता, या खोलीत, सांगते.

दुसरा, आयटी पार्कातला पोरगा. खानदेशातला, तिशीच्या आतला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अजून तसंच. रक्ताचा कॅन्सर, सीएमएल. रोज एक गोळी. बघून कळत नाही, आणि हेच त्याला जड जातं. ऑफिसात कुणाला माहीत नाही, खोलीवरच्या मित्रांना माहीत नाही. गोळी तो व्हिटॅमिनच्या डबीत ठेवतो. या आजाराच्या लोकांचा देशभर एक गोतावळा आहे, ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’. अर्जेंटिनाचा मॅक्स नावाचा मुलगा याच आजाराने १९९१ साली गेला, त्याच्या घरच्यांनी १९९७ साली संस्था काढली, आणि भारतात ते काम विजी वेंकटेश यांनी वाढवलं. याच गोळीच्या पेटंटचा अर्ज सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला फेटाळला, म्हणून ती इथल्या माणसाला परवडते. पोरगा हे सगळं भराभर सांगून टाकतो. मग थांबून म्हणतो, “पण तिथं सगळे इंग्रजीत आणि फोनवर. इथं पोहे मिळतात.” काकू त्याला दुसऱ्यांदा वाढतात.

चिठ्ठी निघते. लातूरच्या ताईंची. पण वाटाण्यावालीचं पुढच्या आठवड्यात पेट स्कॅन आहे, तेव्हा ताई आपला नंबर तिला देतात. वहीत तशी नोंद होते. अर्ध्या मिनिटात हे उरकतं, आभार वगैरे काही नाही.

“चल, तुझी रेघ मारू,” काकू आक्काला पिवळ्या भिंतीशी नेतात.

आता मला त्या रेघा कळतात. काखेतल्या गाठी काढल्या की हात वर जात नाही. वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. मग भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायची. जिथे पोचली तिथे रेघ. पुढच्या गुरुवारी त्याच्या वर. आकडा म्हणजे भिशीचा नंबर, नाव कुणाचंच नाही. ऑपरेशनच्या आधी पहिली रेघ मारून ठेवायची, म्हणजे परत कुठवर यायचंय ते दिसतं.

आक्का उजवा हात भिंतीला लावते. बोटं चढवते. गेज धरून धरून त्यांच्या टोकांना घट्टे पडलेत. हात पूर्ण ताणल्यावर तिच्या बोटांच्या वर अजून एक रेघ उरते. सगळ्यांत वरची. नंबर सात.

“ही कोण? उंच हाय लई.”

काकू चहाचे पेले गोळा करतायत. “उंच नव्हती. टाचा उचलायची. दोन महिन्यांत हात पार वर नेला होता तिनं.”

“आज आली नाही का?”

“गेली. मार्गशीर्षात. यकृतात गेलं होतं.”

कुणीही विषय बदलत नाही. जळगावच्या बाईचा हात स्कार्फच्या गाठीवर जातो. मला आक्काला तिथून उचलून न्यावंसं वाटतं. ऑपरेशनला पाच दिवस राहिलेल्या बाईला हे सांगायचं? मला काकूंचा राग येतो, खरोखरचा.

गेले चौदा दिवस मी रात्री वाचत बसते. अशा बैठकांनी माणूस जास्त जगतो का, हे मी शोधत होते, आणि शोधताना मला हवं ते उत्तर सापडलंही होतं. डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८९ साली ८६ बायकांचा अभ्यास छापला; आजार पसरलेल्या या बायकांपैकी ज्या वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसल्या, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, आणि ज्या बसल्या नाहीत त्या १८.९. मी ते आकडे दाजींना पाठवले. मग २००१ सालचा कॅनडातला अभ्यास हाती लागला, २३५ बायकांचा. तिथे १७.९ महिने आणि १७.६. म्हणजे काहीच फरक नाही. फरक पडला तो दुखण्यात आणि मनाच्या तगमगीत, आणि ज्यांची तगमग मुळात जास्त होती त्यांना जास्त. हा दुसरा अभ्यास मी दाजींना पाठवला नाही. सात नंबरची रेघ आता माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तो मी त्यांना आज रात्री पाठवणार आहे.

आक्का अजून हात खाली घेत नाही. त्या रेघेकडे बघतेय.

“शेवटाला लई तरास झाला का तिला?” ती विचारते.

“पंधरा दिवस झाला,” काकू म्हणतात. “आम्ही पाळीनं जात होतो. ही,” त्या वाटाण्यावालीकडे मान करतात, “रात्रीची बसायची. एकटी नव्हती ती.”

आक्का मान हलवते. मग टाचा उचलते. बोटं दोन अंगुळं वर सरकतात, सातच्या जरा खाली थांबतात.

“मार,” ती म्हणते.

काकू पेन्सिलीने रेघ ओढतात. पुढे १४, आणि आजची तारीख.

आम्ही निघतो तेव्हा ऊन उतरलंय. जळगावची जिन्यापर्यंत येते. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडी चमचा आहे, तो ती पिशवीत टाकते. “मंगळवारी किती वाजता नेणार आत?”

“आठला म्हणालेत.”

“मी सातला मिस कॉल देते. उचलू नको, बोलायचं काही नाही. नुसता वाजू दे.”

रस्त्यावर शेवटची दिंडी पुढे सरकलीय, मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून भरभर चालतायत. रिक्षात आक्का कडेला बसते. त्रिवेणीनगर यायच्या आधी तिचा फोन एकदा वाजतो आणि थांबतो. आत्ताच नंबर घेतला होता त्या बाईचा. आक्का चष्मा लावते, फोन डोळ्यांजवळ धरते आणि एका बोटाने हळूहळू अक्षरं दाबते. मी वाकून बघते.

‘भिशी जळगाव.’